डाळीची रांगोळी

सप्टेंबर आला की अंगणवाडीत रांगोळी निघते. साधीसुधी नव्हे, धान्याची. मुगाची हिरवी किनार, मसूरडाळीचा केशरी गोल, मधोमध तांदळाने लिहिलेलं ‘सुपोषण’ आणि चार कोपऱ्यांना चार वांगी. २०१८ पासून सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण महिना आहे, आणि महिना साजरा करायचा म्हटलं की फोटो लागतो. साहेब येतात, वाकून बघतात, ‘छान’ म्हणतात, फोटो काढून पुढच्या गावी जातात. अंगणवाडीसेविकांच्या काटकसरीवर माझा विश्वास आहे. ती डाळ झाडून, पाखडून पुन्हा डब्यात जात असणार.

महिना मात्र अचूक निवडलाय, नकळत का होईना. जव्हार-मोखाड्यात काय किंवा धारणी-चिखलदऱ्यात काय, आषाढापासून भादव्यापर्यंत घरातली कणगी खडखडीत असते. जुनी नागली संपलेली, नवी अजून शेतात हिरवीगार. आई दिवसभर चिखलात, तान्हं झोळीत, ओहोळ दुथडी भरलेला. त्यात ताप, जुलाब, न्यूमोनिया. बालमृत्यूच्या बातम्या याच दिवसांत येतात आणि त्यामागोमाग दौरे. १९९२ साली जव्हारचं वावर-वांगणी, १९९३ साली मेळघाट, २०१६ साली मोखाडा. नावं बदलली, मंत्री बदलले, गाड्यांचे मॉडेल तर फारच बदलले.

आणि आकडे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ३६.१ टक्के निघाली. मधल्या काळात किती योजना आल्या, किती मिशन झाली, किती रांगोळ्या निघाल्या. काटा हलला तो एक दशांशाने, तोही उलट्या बाजूला. हा झाला सगळ्या राज्याचा आकडा, त्यात पुण्या-मुंबईची लठ्ठ पोरंही आली. एकट्या नंदुरबारचं बघाल तर निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची. नंदुरबार हा आदिवासी जिल्हा आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. नसेल तर ९ ऑगस्टला कुठल्याही पुढाऱ्याचा फलक बघा. डोक्यावर पिसांचा मुकुट, हातात धनुष्यबाण, खाली जागतिक आदिवासी दिनाच्या हार्दिक शुभेच्छा.

आता गंमत बघा. ज्या अंगणवाडीत ही रांगोळी काढतात, तिचा जन्म याच आदिवासी मुलखातला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. बालवाडी उघडली, पण वस्तीतली पोरं येईनात. ताराबाई कलेक्टर नव्हत्या, त्यामुळे त्यांनी पोरांच्या आईबापांना नोटीस काढली नाही. सामान उचललं आणि वस्तीतल्या अंगणात जाऊन बसल्या. आधी आंघोळ, नखं, केस. मग गाणी, गोष्टी, शंखशिंपले. १९५७ मध्ये मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर हलला, वारल्यांच्या पाड्यांत. तिथे नवी अडचण. पोरं घरीही सापडेनात, कारण ती गुरांमागे. मग शाळा गुरांमागे गेली. कुरणशाळा म्हणत तिला. गुरं चरतायत, पोरं शिकतायत आणि बाई दोघांवर लक्ष ठेवून आहेत. आजच्या कुठल्या गटशिक्षणाधिकाऱ्याने अशा शाळेची तपासणी केली असती तर पहिला शेरा मारला असता: ‘संरक्षक भिंत नाही.’

१९७५ च्या गांधी जयंतीला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली आणि अंगणवाडी देशभर गेली. ताराबाई दोन वर्षं आधीच गेल्या होत्या. बरंच झालं म्हणायचं. कारण त्यांचं साधं गणित होतं: पोर आपल्यापर्यंत येत नसेल तर आपण पोरापर्यंत जायचं. हे गणित आपण पुढच्या पन्नास वर्षांत शिस्तीत उलटं केलं.

शाळेपासून सुरू करू. शिक्षण हक्क कायद्याने सांगितलं, पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याला सुचलं की वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ कराव्यात. नमुना म्हणून सातपुड्यातल्या तोरणमाळचा दाखला. पाड्यावर वीस पोरं जमवायची म्हणजे शेजारचे दोन पाडे आणि एक नदी हिशेबात धरावी लागते, हे मंत्रालयाच्या खिडकीतून दिसत नाही. तिथून समुद्र दिसतो. बस देऊ म्हणाले. बस ज्या रस्त्यावरून येणार तो रस्ता बांधकाम खात्याचा, त्यामुळे त्याबद्दल शिक्षण खात्याने काही बोलणं बरं नव्हे.

मग आश्रमशाळा. शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराच्या वर. इथे सहा वर्षांचं पोर घर सोडून राहायला जातं. आपण आपल्या सहा वर्षांच्या पोराला बाथरूमचा दिवा लावून देतो, ते एक असो. रेनकोट पावसाळा सरता सरता, स्वेटर थंडी ओसरल्यावर, अशी इथली ख्याती इतकी पसरली की शेवटी आदिवासी विकास खात्याने वस्तूंऐवजी पैसे बँक खात्यावर टाकायचं ठरवलं. ते ठीक होतं. मग कुणाला तरी वाटलं, रेनकोटाला लागू पडलं ते जेवणालाही पडेल. २०१८ मध्ये शहरातल्या आदिवासी वसतिगृहांच्या खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर द्यायचं ठरलं. पोरांनी विचारलं, पैसे उशिरा आले तर त्या दिवशी काय खायचं? उत्तर मिळेना म्हणून ती पुण्याहून नाशिकला, आदिवासी विकास आयुक्तालयाकडे, पायी निघाली. दोनशे किलोमीटर. खाणावळ खोलीपासून वीस पावलांवर राहावी म्हणून.

आश्रमशाळांच्या जेवणावरही प्रयोग झाला. शाळाशाळांत चूल नको, एकच मोठं मध्यवर्ती स्वयंपाकघर हवं. इगतपुरीजवळ मुंढेगावला एक झालं, पालघरमध्ये कांबळगावला एक. स्टीलची मोठमोठी भांडी, डोक्यावर टोप्या, हातात मोजे. उद्घाटनाचे फोटो दृष्ट लागण्यासारखे. अन्न तिथे शिजायचं, डब्यांत भरायचं, गाडीत चढायचं आणि तालुके ओलांडून शाळांत उतरायचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कांबळगावच्या जेवणातून अनेक आश्रमशाळांतल्या शेकडो मुलांना एकाच वेळी विषबाधा झाली. एका चुलीवर बिघडलं असतं तर एकाच शाळेचं बिघडलं असतं. केंद्रीकरणाचा फायदा असा सगळ्यांना सारखा मिळतो.

थांबा, घरपोच आहाराचं राहिलं. त्याला ‘टीएचआर’ म्हणतात. हे पाकीट गावातल्या बचत गटाने तयार करावं अशी मूळ अपेक्षा. प्रत्यक्षात महिला मंडळ असा फलक लावलेली कारखान्याएवढी कंत्राटं निघाली; २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पाकिटाची चव कशी असते ते पाड्यावरच्या कोंबड्यांना विचारा, त्यांची तक्रार नाही. आणि ज्या पाड्यावर नागली, उडीद, खुरासणी पिकते, पावसात शेवळं आणि चिंबोऱ्या मिळतात, तिथे पोषण बाहेरून पाकिटात यावं लागतं, हेही एक आहेच.

या पाकिटासाठी २०२५ च्या जुलैपासून चेहरा दाखवावा लागतो. म्हणजे असं. सेविका मोबाइलवर ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप उघडते. आई समोर उभी. ‘वहिनी, जरा उजेडात या. डोळे मिटू नका. पदर मागं घ्या.’ चाक फिरतं. पाड्यावर रेंज नाही, म्हणून सेविका, आई, कडेवरचं पोर आणि मागून कुत्रं अशी वरात टेकाडावर जाते, तिथल्या मोहाखाली एक काडी येते. चेहरा जुळला तर नशीब. पहिल्या नोंदणीला ओटीपी लागतो; तो नवऱ्याच्या मोबाइलवर येतो; नवरा मोबाइल घेऊन कामाला गेलाय. मग उद्या या. पोराचा दंड मोजायची पट्टी सेविकेच्या पिशवीत असते, साधी तीन रंगांची. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत घेर भरला की लाल. तिला रेंज लागत नाही, ओटीपी लागत नाही, मोजायला पाव मिनिट लागतं. पण पट्टीचा डॅशबोर्ड होत नाही. चेहऱ्याचा होतो.

ताराबाईंच्या गणिताने काम होतं का, हा प्रश्न कुणी विचारला तर त्याला गडचिरोलीला पाठवावं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून तिथंच औषध द्यायचं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे देशाने हीच पद्धत आशाताईंच्या हाती दिली. आशाताईंना मानधन वेळेवर द्यायचं मात्र त्या शोधनिबंधात लिहायचं राहून गेलं असावं, कारण ते अजून जमत नाही. अमृत आहार योजनेचं तसंच. आईला गावातच शिजलेलं एक वेळचं गरम जेवण, पोराला आठवड्यातून चारदा अंडं किंवा केळी. उत्तम योजना. पण पैसे मागाहून येतात, आणि तोवर किराणा दुकानदाराच्या वहीत शासनाच्या नावाने उधारी चालते. दुकानदार हा आपल्या पोषण धोरणाचा मुख्य आधारस्तंभ. त्याला पोषण महिन्यात निदान शाल-श्रीफळ तरी द्या.

दिवाळी झाली की पाडे ओस पडतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फेडायला भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर सगळं घर जातं, पोरांसकट. काहींचं याहून वाईट. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी पोरांची गोष्ट बाहेर आली. दोन-तीन हजार रुपये आणि एक मेंढी यांच्या बदल्यात ती मेंढपाळांकडे वेठीला ठेवली होती. एक मुलगी मेली तेव्हा कळलं. ही पोरं शाळेच्या पटावर होती का, असा प्रश्न मला पडला होता. पण पट म्हटल्यावर सगळं येतं त्यात.

नव्वदच्या दशकात ‘विधायक संसद’ या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगा शाळा काढल्या. विटांच्या चाळीशेजारी एक भोंगा, म्हणजे झोपडी, आणि तिच्यात शाळा. ताराबाईंचंच गणित. सरकारने पुढे काय दिलं? स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड दिलं. शाळा राहते पाड्यावर, पोर जातं भट्टीवर आणि हमी राहते कार्डावर. २०२२ मध्ये बालविकास खात्याने मजूर कुटुंबांचा माग ठेवायला संगणक प्रणालीही आणली. सेविकेच्या मोबाइलमध्ये आणखी एक बटण.

त्या बटणाचं पुढे काय होतं ते डिसेंबरच्या आढाव्यात कळतं. लाल पट्टीतलं एक पोर नोव्हेंबरात आईबापांबरोबर भट्टीवर गेलं. मूळ तालुक्याने त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लिहिलं, त्यांचा तीव्र कुपोषित बालकांचा आकडा एकाने उतरला. भट्टीच्या तालुक्याने ‘आमच्या लाभार्थी यादीत नाही’ म्हटलं, त्यांचा आकडा चढला नाही. बैठकीत दोन्ही तालुक्यांच्या प्रकल्प अधिकाऱ्यांचं टाळ्या वाजवून अभिनंदन झालं आणि चहासोबत सर्वांना उकडलेली अंडी देण्यात आली.