वाटणीवाला

निगडीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये चाळीस माणसं असतात. त्यातली सदतीस झोपतात. ड्रायव्हर झोपत नाही. एक जण दोन्ही हात हवेत खांद्याइतके फाकवून बोटं नाचवत असतो, म्हणून तो झोपत नाही. आणि त्याच्या शेजारची सीट माझी, म्हणून मी झोपू शकत नाही. नव्या माणसाला वाटतं, तबल्याचा रियाज चाललाय.

हा वाटणीवाला. म्हणजे ज्याने आपल्या कीबोर्डची मधोमध वाटणी केली आहे असा माणूस. डावा तुकडा टेबलाच्या या टोकाला, उजवा त्या टोकाला, मधे चहाचा कप. दोघांना जोडणारी एक वायर, तेवढंच काय ते येणंजाणं.

वाटणी म्हटली की बांध आलाच. इंग्रजी ‘बी’चं बटण नेमकं बांधावर. वाटणीत ते डाव्याकडे गेलं, आणि याला जन्मभराची सवय उजव्या बोटाची. पहिला महिना ते बोट मोकळ्या टेबलावर आपटत होतं. ड्रॉइंगमधल्या ‘बोल्ट’चा ‘ओल्ट’ झाला आणि पर्चेसने ‘ओल्ट’ची तीन कोटेशनं मागवली. तिन्ही आली, हे विशेष.

“एवढं कशासाठी रे?” असं त्याला विचारू नये. मी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये विचारलं, त्यामुळे उत्तर पूर्ण ऐकावं लागलं. सरळ कीबोर्डवर हात आत येतात आणि मनगटं बाहेर वळतात. शिवाय बटणांच्या ओळी तिरक्या का? तर १८७४ साली रेमिंग्टनने टाइपरायटर बाजारात आणला, त्यात प्रत्येक बटणाखालच्या कांडीला जायला वाट हवी होती, म्हणून. “कांड्या गेल्या, तिरकेपणा राहिला! दीडशे वर्षं कांड्यांची सोय पाहिली, बोटांची कधी पाहायची?” मुद्दा बिनतोड होता. वाटणीवाल्याचा मुद्दा नेहमीच बिनतोड असतो. कीबोर्ड तेवढा अर्धवट असतो.

कारण वाटणी एकदा करून भागत नाही. नेहमीच्या कीबोर्डला १०४ बटणं. याचा पहिला एर्गोडॉक्स ७६ बटणांचा, मग लिली ५८, आता कॉर्ने ४२. आकडे कुठे गेले विचारलं, तर म्हणाला, “वरच्या मजल्यावर. डावा अंगठा दाबला की लिफ्ट.”

त्याच्या आईने ऐन तारुण्यात गोदरेजच्या टाइपरायटरवर मराठी चाळीसची परीक्षा दिलेली. लोखंडी धूड, बटण दाबायला मुठीचा जोर. त्यांनी चष्मा पुसून ते दोन तुकडे पाहिले आणि एवढंच विचारलं, “याच्यावर स्पीड किती रे?”

“सध्या अकरा.”

“तिसाची परीक्षाही नाही निघायची.”

आईला दाखवायचं म्हणून याने मराठी टायपिंग मनावर घेतलं. सरकारमान्य इनस्क्रिप्ट मांडणीची गंमत अशी, की तीत मुळातच वाटणी आहे. काना, मात्रा, वेलांटी सगळं डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या. डावीकडे व्यंजनं येतात ती म, न, व अशी मोजकीच. एके दिवशी वायर सैल झाली, डावा भाऊ रुसला, आणि गटाच्या चॅटवर ‘पिंपरी’ची ‘पपर’ होऊन गेली. ‘सुट्टी हवी’ची ‘सटट ह’ झाली. साहेबांना वाटलं, माणसाला झटका आला. लगेच सुट्टी मंजूर. नंतर उजवा तुकडा बंद ठेवून याने प्रयोग केला, तर नुसत्या डाव्या हाताने ‘मौन’ हा शब्द पूर्ण लिहिता आला. त्याच्या बायकोने हा तुकडा आपल्याला मिळावा, अशी इच्छा व्यक्त केली.

पुढची पायरी म्हणजे स्वतः डिझाइन करणं. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात राहून विकतचा कीबोर्ड वापरायचा म्हणजे नाशकात राहून द्राक्षं बाहेरून मागवण्यासारखं. स्टीलची प्लेट कापायला आम्ही भोसरीच्या एमआयडीसीत लेझर कटिंगवाल्या दादांकडे गेलो.

“चौदा बाय चौदाची बेचाळीस भोकं,” दादा ड्रॉइंग बघत म्हणाले. “लॉट कितीचा?”

“एक सेट.”

“ते सॅम्पल झालं. ऑर्डर?”

“तीच ऑर्डर.”

दादांनी आमच्याकडे लग्नपत्रिका एकच छापून मागणाऱ्याकडे बघावं तसं पाहिलं. तरी चहा पाजला.

प्लेट कापून होईपर्यंत आम्ही शेजारच्या प्रेस शॉपमध्ये डोकावलो. पॉवर प्रेसवर एक मामा बसले होते. समोर दोन हिरवी बटणं, एक या टोकाला, एक त्या टोकाला, अगदी खांद्याइतक्या अंतरावर. मामांनी दोन्ही हातांनी दोन्ही दाबली की प्रेस खाली यायची. वाटणीवाल्याचे डोळे भरून आले.

“मामा, हा तर स्प्लिट कीबोर्ड! हे अंतर कोणी काढलं? मनगटाला किती आराम!”

“आराम कसला, साहेब,” मामा नवा पत्रा लावत म्हणाले. “एका हाताने चालत असतं तर दुसरा आत राहिला असता. आणि आत राहिलेला बाहेर येत नाही.”

परत येताना बसमध्ये तो हात मांडीवर ठेवून बसला होता. मला पहिल्यांदा झोप लागली.

तिसऱ्या दिवशी त्याने मला दाखवलं. नव्या कीबोर्डमध्ये मेल पाठवायचं काम एका बटणावर राहिलेलं नव्हतं. डाव्या टोकाचं आणि उजव्या टोकाचं एकदम दाबलं तरच मेल जात होती. “मामांची सिस्टिम,” तो म्हणाला. पूर्वी एका हातात चहा घेऊन, दुसऱ्या हाताने तो साहेबांना तावातावाने उत्तरं ठोकायचा. आता कप खाली ठेवावा लागतो, आणि कप ठेवेपर्यंत राग निम्मा होतो.

स्पीड अजून अकराच आहे. पण तेव्हापासून साहेबांच्या प्रेसखाली त्याचा हात सापडलेला नाही.