वहिनींची ‘घरची’ गाजरं

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाजवळ. गेल्या भोगीला पलीकडच्या वहिनींनी भाजीचा डबा पाठवला होता ना, “घरची गाजरं आहेत हो” म्हणून? घरची कसली! आठवडी बाजारातली! गिरणीवाल्या काकूंनी पिशवी पाहिली डोळ्यांनी. आणि मी म्हणते, बघायला कशाला पाहिजे? आपल्या बिडकीनच्या काळ्या मातीत इतकी सरळसोट गाजरं येतात का कधी?

तर झालं असं, की वहिनींची जमीन डीएमआयसीच्या औद्योगिक पट्ट्यात गेली, आता मागचा प्लॉट तेवढा उरलाय. टोयोटाचा करार झाल्यापासून त्यांच्या घरात कारखान्याच्या तारखा सगळ्यांना पाठ, पण गाजराची तारीख… जाऊ द्या. पोळ्यालाच बी टाकून मोकळ्या! पाकिटावर म्हणे ‘ऑगस्टपासून’ लिहिलंय. पाकीट काही खोटं नाही हो, पुसा केसर जात ऊन सोसते, ऑगस्टात चालते. पण नवरात्रात पाऊस कसा कोसळला? जायकवाडीचे दरवाजे उघडले, पैठणात लोकांना घरं सोडावी लागली, तिथं वहिनींच्या वाफ्याची काय कथा! पाणी तुंबलं, सगळं कुजलं. काकू तोंडावर म्हणाल्या, “पाकिटाला पाऊस दिसतो का हो, वहिनी?” चेहरा असा उतरला बाई…

तर काय सांगत होते, लक्ष्मीपूजन झाल्यावर परत बी टाकलं. आता बोटं मोजा तुम्हीच. तिथून भोगीला तीन महिनेसुद्धा भरत नाहीत, आणि गाजराला शंभरेक दिवस हवेत. उपटून पाहिली तर उंदराच्या शेपटीएवढी! वर ताजं शेण घातलेलं, म्हणून एकेकाला तीन-तीन फाटे.

आमच्या आत्याबाई मात्र पक्क्या. त्या भोगीपासून उलट्या मोजतात. १३ जानेवारीच्या मागं शंभर दिवस, म्हणजे ऑक्टोबरचा पहिला आठवडा. वीतभर उंच गादीवाफा, जुनं कुजलेलं शेणखत, आणि वाळू… ती कुठून आणली ते मला विचारू नका. गाजर उगवायला दहा-पंधरा दिवस लावतं, म्हणून ओळीत थोडं मुळ्याचं बी मिसळतात. ते चार दिवसांत वर येतं, खुरपताना ओळ कळते. आणि विरळणी करताना हात आखडत नाहीत हं. बीटाचं तर एकेक बी म्हणजे झुबका, दोन-तीन रोपं एकाच जागी. एक ठेवायचं, बाकीची काढायची. वहिनींना जीव होत नाही उपटायला!

मुळा? त्याची घाई नको. दीड महिन्यात तयार. पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक ओळ टाकायची. एकदम टाकला की अर्धा आत भेंड होतो, मग बसा डिंगऱ्यांची भाजी करत. विलायती नॅन्टीस गाजर मात्र थंडीची चाहूल लागल्यावरच.

आता खरी गंमत ऐका. परवा वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, “यंदा मी बरोबर दसऱ्याला पेरणार. आत्याबाईंनी गेल्या वर्षी तेव्हाच पेरलं होतं, मी पाहिलंय.” पाहिलंय खरं, दसरा २ ऑक्टोबरला होता तेव्हा. यंदा अधिक महिना झाला ना हो! दसरा गेलाय थेट २० ऑक्टोबरला. भोगी काही त्याच्याबरोबर पुढं सरकत नाही, ती आपली जानेवारीच्या मध्यावरच. आत्याबाई सण धरतच नाहीत, हस्त नक्षत्र धरतात. ते दरवर्षी ठरल्या वेळीच, सप्टेंबरच्या शेवटाला लागतं.

काकू म्हणतात, सांगून टाकू बिचारीला. आत्याबाई म्हणतात, “तिनं विचारलंय का?” तुम्ही बोला बाई, काय करायचं?