डावीकडून सातवा

आमच्या भाऊजींचा लॅपटॉप सुरू होत नाही. लग्नाच्या हॉलसारखा भरत जातो. बटण दाबून ते चहा टाकायला उठतात. चहा उकळून, गाळून बशीत येईपर्यंत एकेक टॅब येऊन आपापली जागा धरत असतो. परवा मी मोजले. ६३! नावं कधीच दिसेनाशी झालीत, उरल्यात नुसत्या चित्रांच्या टिकल्या.

फ्रिजच्या किमतींची तुलना आहे. फ्रिज घरी येऊन दोन वर्षं झाली. मुलाच्या अकरावी प्रवेशाची यादी आहे. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. नागपूरच्या ज्या लग्नासाठी पीएनआर पाहिला, त्या जोडप्याकडचं बारसंही आपण जेवून आलो. वीजबिलाचं पान रोज ‘सेशन एक्स्पायर्ड’ म्हणत उघडतं. बिल ताई फोनवरून भरते.

“भाऊजी, एखादा बंद करू?”

“अरे, थांब! तो वाचायचाय.”

“कधी?”

“निवांत.”

हा निवांत कुठल्याच पंचांगात सापडत नाही. पण भाऊजींची जातच ती. श्रीखंडाचे रिकामे डबे आणि जुन्या मोबाइलचे चार्जर ‘लागतील कधीतरी’ म्हणून माळ्यावर टाकणारी. माळा निदान भरतो तरी. फोनवर टॅब ९९ च्या पुढे गेले की क्रोम मोजणंच सोडतं आणि आकड्याच्या जागी हसरा चेहरा दाखवतं. भाऊजी ती शाबासकी समजतात.

२००६ साली सातवी आवृत्ती येईपर्यंत इंटरनेट एक्सप्लोररमध्ये टॅबच नव्हते. दर पानाची वेगळी खिडकी. खाली गर्दी झाली की माणूस मुकाट्यानं आवरायला घ्यायचा. आता क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑन स्टार्टअप’खाली तीन वाटा आहेत: कोरं पान, काल सोडलं तिथून पुढे, किंवा आपण ठरवलेली मोजकी पानं. भाऊजींनी मधली धरली. मोजकी पानं ठरवायची म्हणजे बाकीची सोडायची, आणि तिथेच त्यांचं घोडं अडतं.

शेवटी ताईच्या सांगण्यावरून मी गुपचूप ‘कोरं पान’ निवडलं. दुसऱ्या दिवशी चहाला आधण यायच्या आत लॅपटॉप तयार! भाऊजी त्या पांढऱ्या पानाकडे बघत राहिले. रागावले नाहीत, हेच जास्त लागलं.

“कोणता हवाय सांगा, आणून देतो.”

त्यांनी बराच वेळ आठवलं. “तो... डावीकडून सातवा.”

“काय होतं त्यात?”

“ते उघडल्यावर कळेल.”

कंट्रोल-शिफ्ट-टी दाबलं. सगळी वरात परत आली. सातव्यात मोडी लिपीच्या वर्गाचा प्रवेशअर्ज होता. मुदत तीन वर्षांपूर्वी संपलेली.

“बघ, राहूनच गेलं असतं,” भाऊजी म्हणाले आणि समाधानानं बशी तोंडाला लावली.

मी सेटिंग पूर्ववत केलं. आतून ताईनं विचारलं, “झालं का रे आवरून?”

“करतो गं,” मी म्हटलं, “निवांत.”