कारणे दाखवा, कोंबड्यांनो!

प्रति,
समस्त कोंबडीवर्ग,
मुक्काम खुराडं, मागचं परस, जिल्हा सिंधुदुर्ग

विषय : उत्पादनातील घट, बागायतीची नासधूस, भल्या पहाटेचा ध्वनी आणि विनापरवाना दीर्घ रजा याबाबत.

माननीय तांबडी, काळी, टकली, ठिपकी आणि या सर्वांच्या पुढे छाती काढून उभे असलेले श्रीयुत भाऊ, सादर नमस्कार.

सरकारी कचेरीत हयात गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर हाताखाली कुणीतरी लागतं. गावी येऊन तुम्हाला पाळलं तेव्हा घरचं ताजं अंडं, बिनविषारी भाजी वगैरे कारणं मी चारचौघांत सांगितली. मनात एवढंच होतं की, लहानसा का होईना एक आस्थापना विभाग असावा, सकाळी खुराड्याचं दार उघडून हजेरी घ्यावी, संध्याकाळी दार लावताना डोकी मोजावीत आणि मधल्या वेळात शेरे मारावेत. हजेरीबाबत तक्रार नाही. दिवेलागणीला कुणी न बोलावता तुम्ही एकामागून एक खुराड्यात शिरता. काम सोडून निघण्याच्या बाबतीत तुमचा वक्तशीरपणा पाहिला की मला आमच्या कचेरीची आठवण येते. अडचण मधल्या वेळाची आहे.

तो मधला वेळ तुम्ही कसा घालवता हे जनतेसमोर यावं म्हणून हे पत्र खुलं ठेवलं आहे. तसंही बंद पाकीट तुम्ही चोचीने फोडलं असतं, आत खाण्याजोगं काही नाही अशी खात्री करून घेतली असती आणि त्यावर शिटून पुढे गेला असता.

मुद्दा पहिला, उत्पादन. शहरांच्या बाजारात ज्यांची अंडी जातात त्या तुमच्या पोल्ट्रीतल्या भगिनी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देतात. तुम्ही गावठी, वर्षाकाठी साठ-सत्तर दिलीत तरी उपकार केल्यासारख्या मान वाकडी करून पाहता. अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले २० तास नुसतं कवच चढण्यात जातात, हे मला ठाऊक आहे. त्या कवचाला चुना कमी पडू नये म्हणून रविवारी तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपल्या कुटून तुमच्यापुढे टाकण्यात येतात. कच्चा माल असा घरपोच मिळत असताना पक्का माल मात्र खुराड्यातल्या टोपलीत जमा होत नाही. तो कधी पेंढ्याच्या उडवीत सापडतो, कधी शेणींच्या ढिगामागे, कधी मांगराच्या माळ्यावर. बरं, लपवायचंच तर गप्प बसावं. तुम्ही चोरून अंडं घालता आणि मग वाडीभर ऐकू जाईल असा कलकलाट करता. आवाजाच्या रोखाने धावत गेलं तर ओरडणारी बाई अंड्यापासून चांगली लांब उभी असते आणि आपला काही संबंध नसल्यासारखी पाय खाजवते. असं निवेदन मी फक्त चौकशी समितीपुढे ऐकलं आहे.

आषाढ लागल्यापासून तर तेवढंही नाही. दिवसाला चौदा-एक तास उजेड मिळाला नाही तर तुमचं काम मंदावतं. पोल्ट्रीत त्यासाठी बल्ब लावतात. आमच्याकडे पावसाळ्यात तार तुटली की माणसंच कंदील शोधत फिरतात, तेव्हा या मागणीचा विचार तूर्त करता येत नाही. पावसाळा सरला की तुम्ही पिसं गाळायला काढता आणि अंगावर नवी पिसं येईपर्यंत पुन्हा काम बंद. कपडे येईपर्यंत कामावर येणार नाही, हे कारण आमच्या कचेरीत आजवर कुणाला सुचलं नव्हतं.

मुद्दा दुसरा, बागायत. या प्रकरणातल्या फिर्यादी आमच्या घरातल्या आहेत, त्यामुळे मला तटस्थ राहता येत नाही. लाल माठाचा वाफा सकाळी पेरला आणि दुपारी तो तुम्ही उकरला. मिरचीच्या रोपांची मुळं हवेत आणि शेंडे मातीत, अशी नवी लागवड तुम्ही करून दाखवलीत. अबोलीच्या बुंध्याशी खड्डा करून तुम्ही चौघी त्यात लोळता आणि पंखांनी माती अंगावर उडवून घेता. ही तुमची आंघोळ आहे, तिने पिसांतल्या उवा जातात, असं मी घरात सांगून पाहिलं. ज्यांच्या वेणीत ती अबोली जायची होती त्यांनी उत्तरादाखल माझ्या आंघोळीचं पाणी तापवणं बंद केलं.

तुमच्या बचावात नोंदवण्यासारखं काही आहे, ते मी दडवणार नाही. वाळवीचं वारूळ तुम्ही एका बैठकीत संपवता. गोम दिसली की तिच्या पुढे पळणाऱ्या आमच्या धीट नातवाला तुम्ही वाचवलं आहे. तुमचं खत वर्षभर कुजवून माडाच्या आळ्यात घातलं तर माड खूश होतो. ताजं घातलं तर रोप जळतं. रोपाला काय मिळावं याचा निर्णय मात्र तुम्ही जागच्या जागी आणि ताजा घेता.

यावर तुमचं म्हणणं असेल की उकरणं हा तुमचा पिढीजात हक्क आहे. दप्तर तपासलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीलायक हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट इथे सापडली आहेत. ती साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. त्या संशोधकांच्या मते माणूस भात पिकवू लागला आणि त्या दाण्यांच्या लोभाने रानकोंबड्या झाडांवरून खाली उतरल्या. म्हणजे तुम्हाला कुणी धरून आणलं नाही. पंगत दिसली आणि तुम्ही बसलात. नेमणुकीचा आदेश कुणाच्याही फायलीत नाही. शिवाय तुमच्या पायांचा तो पिवळा रंग ज्या जनुकातून येतो, ते सह्याद्रीत आजही आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या घराण्यातून आलं असावं, असं २००८ साली दाखवण्यात आलं. तेव्हा इथल्या जमिनीवर तुमचा दावा माझ्या सातबाऱ्यापेक्षा जुना निघण्याची शक्यता आहे. म्हणून हा मुद्दा मी अधिक ताणत नाही.

मुद्दा तिसरा, श्रीयुत भाऊ. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. भाऊंना अजून कुणी सांगितलेलं नाही. उजाडण्याच्या कितीतरी आधी ते बंद खुराड्यातूनच सूर्य आपल्या पाठपुराव्यामुळे मंजूर झाल्याचं जाहीर करतात. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सिद्ध केलं की पहाटे कोंबडा उजेड पाहून आरवत नाही, त्याच्या अंगातलं घड्याळ त्याला उठवतं. पुढे त्यांनी असंही दाखवलं की अनेक कोंबडे एकत्र असले तर सर्वांत वरच्या मानाचा आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे मागून. सेवाज्येष्ठता इतकी काटेकोर पाळणारं दुसरं खातं माझ्या पाहण्यात नाही. टोचण्याची तुमची उतरंडही तशीच. तांबडी काळीला टोचते, काळी टकलीला, टकली ठिपकीला. थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या गृहस्थांनी कोंबड्यांच्या या उतरंडीवर १९२२ मध्ये लिहिलं आणि ते शास्त्र झालं. मी तीच गोष्ट आमच्या कचेरीबद्दल बोललो तर माझी बदली झाली.

भाऊंवर याहून मोठा आक्षेप दाण्याचा आहे. किडा सापडला की ते स्वतः न खाता चोचीने उचलून टाकतात आणि टुकटुक करून तुम्हाला बोलावतात. पाहणाऱ्याला गहिवर येतो. पण कोंबड्या लांब असल्या की दाणा नसतानाही कोंबडे हाच आवाज काढतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. तुम्ही धावत येता, तिथे खडा असतो आणि भाऊ पंख पसरून भाषणाच्या तयारीत असतात. निवडणुकीच्या दिवसांत मी हा प्रकार माणसांतही पाहिला आहे. फरक इतकाच की तुम्ही दोन-तीनदा फसलात की चौथ्या हाकेला मान वर करत नाही.

मुद्दा चौथा आणि सर्वांत गंभीर, कुमारी ठिपकी यांची रजा.

ठिपकी खुडूक बसली आहे. अर्ज नाही, वैद्यकीय दाखला नाही, काम कुणाकडे सोपवलेलं नाही. खुराड्यातली कोपऱ्याची टोपली तिने ताब्यात घेतली असून तिथे दुसऱ्या कुणाला अंडं घालू देत नाही. हात पुढे केला की अंग फुगवून कुर्रर करते आणि मनगटावर शेरा उमटवते. आधी तिच्याखाली अंडी होती. ती काढून घेतली तर रिकाम्या टोपलीवर बसली. टोपली काढली तर जमिनीवर बसली. गावातल्या जाणत्यांच्या सल्ल्याने तिला गार पाण्यात बुडवून काढलं. ती निथळत उठली, अंग झाडलं आणि पुन्हा त्याच जागी जाऊन बसली. उपोषणाला बसलेल्या कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करण्याचा मला दांडगा अनुभव आहे. पण त्यांच्या निदान मागण्या असायच्या.

शेवटी शेजारची आजी येऊन डोकावली आणि म्हणाली, "खुडूक झाली हा ती. तिच्या वाटेक जाव नको. अंडी घाल खाली आणि गप रव." माझ्या उभ्या नोकरीत कुठल्या वरिष्ठाने इतका छोटा आणि स्पष्ट आदेश काढला नव्हता. त्यामुळे डझनभर अंडी उन्हात धरून, पारखून ठिपकीखाली ठेवण्यात आली. एकवीस दिवस. दिवसातून एकदा उठते, घाईघाईने चार दाणे, घोटभर पाणी, पायरीवर एक भलीमोठी शीट, आणि परत. अंडी चोचीने उलटीपालटी करते. छातीवरची पिसं गेली आहेत आणि तिथलं उघडं कातडं अंड्यांना टेकून असतं. एरवी जिला टकलीसुद्धा टोचायची, तिच्यासमोरून आता तांबडीही वळसा घालून जाते.

आता पहिल्या मुद्द्यात ज्यांचं उदाहरण तुमच्यापुढे ठेवलं, त्या तीनशे अंड्यांच्या भगिनींची फाईल पुन्हा उघडतो. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही. म्हणून अंड्यांच्या धंद्याने पिढ्यान्‌पिढ्या निवडून अशा कोंबड्या घडवल्या, ज्यांना खुडूक बसणं आठवतच नाही. तीनशेच्या आकड्यात त्याचाही वाटा आहे. ए-फोर कागदापेक्षाही कमी जागेत त्या उभ्या असतात, अंडं घालतात, ते उतरत्या जाळीवरून घरंगळत निघून जातं आणि त्यामागे कुणी मान वळवत नाही. पिल्लं यंत्रात निघतात. त्या जातीत जन्मलेल्या भाऊंना पहिल्याच दिवशी सेवामुक्त करतात, कारण ते अंडी देत नाहीत आणि अंगाला मांसही धरत नाहीत. रजेचा अर्ज कधीच न करणारा आदर्श कर्मचारी मी आयुष्यभर शोधत होतो. तो तिथे आहे, हजारोंच्या संख्येने, रांगेत.

त्यांची तीनशे आणि तुमची सत्तर यांतला फरक मी आजवर आळसाच्या खाती टाकत होतो. त्या दोनशेतीस अंड्यांत ठिपकीच्या रजेची किंमतही आहे आणि तिने ती पुरेपूर मोजली आहे. मुंबईचे पाहुणे गावठी अंड्याला जास्त पैसे देतात ते तपकिरी कवच पाहून. कवचाचा रंग जातीवर ठरतो आणि पोल्ट्रीतही तपकिरी अंडी घालणाऱ्या जाती आहेत. जास्तीचे पैसे द्यायचेच तर या हट्टाचे द्यावेत. तो अजून कुठल्या दुकानात मिळत नाही.

आणखी एक गोष्ट हिशेब करताना ध्यानात आली. ठिपकी ज्या तिथीला बसली ती पाहता तिचे एकवीस दिवस गटारी ओलांडून थेट श्रावणात संपतात. अंडी उबवत बसलेल्या कोंबडीला या घरात कुणी हात लावत नाही. श्रावणात तर कुणालाच लावत नाही. पंचांग न पाहता रजा इतकी अचूक टाकणारी कर्मचारी माझ्या हाताखाली असती तर मी तिला आस्थापना विभागाची प्रमुख केलं असतं.

सबब, सर्व बाबींचा साकल्याने विचार करून पुढीलप्रमाणे आदेश देण्यात येत आहेत.

ठिपकी यांची रजा पूर्वलक्षी प्रभावाने, भरपगारी मंजूर. पिल्लं निघाल्यावर त्यांना आठवड्याच्या आत मानमोडीच्या लसीचे थेंब डोळ्यात घालण्यात येतील. त्या वेळी आईने मनगटाला हात, म्हणजे चोच, लावू नये. तांबडी, काळी आणि टकली यांना उत्पादनवाढीची सक्त ताकीद देण्यात येत आहे; ती त्या ऐकणार नाहीत याची नोंद घेतली आहे. अबोलीभोवती काटेरी फांद्या लावण्यात येतील आणि माडाखाली राख-मातीचा स्वतंत्र न्हाणीघर-खड्डा खोदून देण्यात येईल.

श्रीयुत भाऊ यांचं नाव गटारीच्या यादीत पहिलं होतं. परंतु घार दिसली की ते एक आवाज देतात आणि मुंगूस दिसलं की दुसरा, आणि तेवढं काम मात्र आश्वासनाशिवाय करतात. पिल्लांच्या संरक्षणासाठी त्यांना सेवेत मुदतवाढ देण्यात येत आहे. ती आपल्या आरवण्यामुळे मिळाली असा प्रचार त्यांनी उद्या पहाटेपासून सुरू करू नये.

आपला,
खुराड्याचं दार उघडणारा व लावणारा

प्रत माहितीसाठी :
१. शेजारची आजी : आदेशाचं तंतोतंत पालन झालं आहे.
२. मुंगूस, गडग्यातलं बीळ : पिल्लांबाबतचा आपला अर्ज फेटाळण्यात आला आहे.
३. गटारीला मुंबईहून येणारी सर्व मंडळी : वडे होतील. कोंबडी बाजारातली ब्रॉयलर असेल. गावठी आहे ना, असं कुणी विचारू नये. गावठी कामात आहेत.