दोन राजे, मध्ये राउटर

पुस्तकं कलंडू नयेत म्हणून दोन राजे तैनात आहेत आणि घरात पुस्तक एकही नाही. मुक्काम बंगळूर, जे. पी. नगर, सातवा फेज, मजला आठवा. बाल्कनीतून मान वाकडी केली की पुट्टेनहळ्ळीचा तलाव दिसतो. राजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधले. चित्रपटात ते नदीच्या दोन काठांवर डोंगराएवढे उभे असतात, डावा हात पुढे, पंजा उघडा, खबरदार पुढे याल तर. इथे ते टीव्ही युनिटच्या वरच्या फळीवर वीतभर उंचीचे उभे आहेत आणि सारक्की सिग्नलवरच्या ट्रॅफिक पोलिसासारखा तोच पंजा दाखवतात. फरक इतकाच, की यांचं लोक ऐकतात.

हा ऐवज २००२ सालचा. मालिकेतल्या पहिल्या चित्रपटाची लांबवलेली आवृत्ती डीव्हीडीवर आली तेव्हा साध्या लोकांसाठी चार तबकड्यांचा खोका निघाला, आणि भक्तांसाठी त्या तबकड्यांसोबत हे दोन राजे. पुढच्या वर्षी दुसऱ्या चित्रपटाबरोबर गोलमचा पुतळा, २००४ मध्ये तिसऱ्याबरोबर मिनास तिरिथ, अख्खं शहर टेबलावर मावेल एवढं. गोलम म्हणजे एका अंगठीच्या हव्यासापायी ज्याचं घरदार सुटलं आणि जो अंधारात तिच्याशी एकटाच बोलत बसला, तो. त्याचाच पुतळा संग्राहकांना विकण्याची कल्पना ज्याला सुचली त्याच्या विनोदबुद्धीला माझा दंडवत. आमच्या शेजाऱ्यांकडे तिन्ही पेटारे आहेत.

पण गोलमचं जाऊ द्या. मला छळतात ते राजे, कारण त्यांना काम दिलेलं आहे. नुसता शोभेचा पुतळा असता तर त्यानं उभं राहावं, धूळ खावी, आपलं काही म्हणणं नाही. हे बुकएंड आहेत. एकानं डावीकडून रेटायचं, दुसऱ्यानं उजवीकडून, आणि मधली पुस्तकं सांभाळायची, ही त्यांची नोकरी. सुरुवातीला मध्ये तबकड्यांचे खोके होते. ते 'जरा हेवी दिसतायत' असं घरात ठरलं आणि खोके लॉफ्टवर गेले. मग बरेच दिवस दोघे मिळून हवा सांभाळत होते. सध्या मध्ये राउटर आहे. राउटरच्या चारही अँटेना वर, दोन्ही राजांचे हात वर. एकूण देखावा शरणागतीचा.

ज्या कादंबरीवर हा सगळा डोलारा उभा आहे ती १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली. तीन खंड, दोन राजे. हिशेब इतका सोपा आहे की मी न राहवून शेजाऱ्याला विचारलं, "वाचलीस का रे?"

"काका, फिल्म इतकी डिटेल्ड आहे ना, की गरजच वाटत नाही."

बरं, मग फिल्म तरी? लॉफ्टवरच्या तबकड्या लागत नाहीत. लागणारच नव्हत्या. पेटारा न्यू जर्सीच्या मेव्हण्यानं बॅगेत घालून आणला (वजन जास्त झालं म्हणून बहिणीनं भाच्यांसाठी घेतलेले बूट तिकडेच राहिले). अमेरिकेतली डीव्हीडी पहिल्या विभागातली, आणि भारत पाचव्या. ज्या कोणी जगाचे हे तुकडे पाडले त्यांनी आपल्याला रशिया, मंगोलिया, उत्तर कोरिया आणि बऱ्याचशा आफ्रिकेच्या पंक्तीला बसवलं. म्हणजे इथे घेतलेली पाचव्या विभागाची तबकडी प्याँगयांगमध्ये लागेल, पण मेव्हण्याच्या दिवाणखान्यात लागणार नाही. संगणकाच्या ड्राइव्हला विभाग बदलायची मुभा होती, पण पाचच वेळा. पाचव्यांदा जिथे थांबाल ते तुमचं नागरिकत्व, ड्राइव्ह मरेपर्यंत. आधार कार्डावरचा पत्ता बदलताना सरकारसुद्धा इतका हात आखडता घेत नाही. रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू माझ्या घरात, माझ्या यंत्रावर, माझ्या विजेवर चालायची नाही, आणि का, तर मी चुकीच्या खंडात राहतो! ही दादागिरी आपण निमूट गिळली. मोर्चा नाही, बंद नाही, एक दगडसुद्धा कुठे पडला नाही. या देशात नाटकाच्या नावावरून दंगली होतात, पण पैसे घेऊन चित्रपट न दाखवणाऱ्याला कोणी जाब विचारला नाही. उलट आपण आणखी एक पेटारा मागवला.

आता तर भांडणाचं कारणही उरलेलं नाही. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही आणि घरातला प्लेअर कधीच एक्स्चेंजमध्ये गेला. तिन्ही चित्रपटांच्या लांबवलेल्या आवृत्त्या मिळून ७२६ मिनिटं भरतात. बारा तासांचा हा ऐवज, त्यात शेवटी बराच वेळ सरकणारी चाहत्यांच्या क्लबातल्या सभासदांची नावंसुद्धा धरलेली, लॉफ्टवर दिवाळीच्या माळा आणि जुन्या गीझरच्या शेजारी पडून आहे. आणि त्याचा मालक तोच चित्रपट दरमहा पैसे भरून, कनकपुरा रोडवर कॅब अडकली की, मोबाइलवर बघतो. त्याला मी हेही विचारलं. तो म्हणाला, "काका, ते ओन करण्याचं फीलिंग वेगळं असतं."

असेल. मला त्या फीलिंगपेक्षा फळीची चिंता आहे. हल्ली घर सजवून देणारे लोक येतात तेव्हा पहिल्या बैठकीत क्रॉकरी युनिट होतं, शू रॅक होते, देवघराला मागून पिवळा दिवा मिळतो, टीव्हीमागे फ्ल्यूटेड पॅनेल लागतं. पुस्तकांचं कपाट म्हटलं की समोरचा माणूस दयेनं बघतो. "सर, ओपन शेल्फ देऊ, त्यात डेकोर ठेवा." डेकोर म्हणजे काय, तर दोन मातीची मडकी, पितळी हरीण, आणि फारच सुसंस्कृत गिऱ्हाईक असेल तर पाठीचा रंग भिंतीला जुळेल अशी इंग्रजी पुस्तकं, तीही आडवी, वर हरीण ठेवायला. याच फळीच्या पायी या घरातून 'चांदोबा' गेला. शेजाऱ्यांच्या वडिलांनी बेळगावात बाइंडरकडून बांधून घेतलेले अंक, कापडी पाठीचे, प्रत्येकावर साल घातलेलं. त्यात काय नव्हतं? राक्षस, बोलणारी झाडं, शापित राजकन्या, आणि दर महिन्याला प्रेत खांद्यावर टाकून निघालेला विक्रम. १९५२ पासून मराठी मुलांना हे सगळं घरपोच मिळत होतं आणि त्यासाठी विभाग क्रमांक लागत नव्हता. ते गठ्ठे सारक्कीच्या गुजरीवाल्यानं, म्हणजे आपल्याकडच्या रद्दीवाल्यानं, किलोवर नेले. पुठ्ठ्याचं वजन वजा करून! ज्या दिवशी ते गेले त्याच आठवड्यात राजे आले. त्या गठ्ठ्यांना आधार द्यायला जगात यांच्याइतके लायक दोन राजे दुसरे नव्हते, आणि त्यांची गाठ लिफ्टच्या दारातसुद्धा पडली नाही.

(जाता जाता : अद्भुताचा पेटाराच हवा असेल तर आपलं काय वाईट होतं? १९९० च्या 'धडाकेबाज'मधली बाटली काढा, १९९३ च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू बुकएंड म्हणून काढा. मी पहाटे रांगेत उभा राहीन. विंचूच्या धाकानं पुस्तकं तर सोडाच, भाडेकरूसुद्धा सरळ उभे राहतील.)

असो. प्रकरण पेटलं ते खंडेनवमीला. इथे तिला आयुधपूजा म्हणतात आणि आपल्यापेक्षा पुष्कळ मन लावून करतात. स्कूटर, बस, लेथ, लॅपटॉप, मिक्सर, जे जे म्हणून राबतं त्याला कुंकू आणि झेंडू. रस्त्यात फुटलेले कोहळे चुकवत घरी यायचं. शेजाऱ्यांकडे कामाला येणाऱ्या अक्कानं वॉशिंग मशीनला कुंकू लावलं, फ्रिजला लावलं, राउटरला लावलं, आणि राउटरला धरून उभ्या असलेल्या डावीकडच्या राजालाही लावलं. उजवीकडच्याकडे बोट वळलं तेवढ्यात "मुट्टबेडी! मुट्टबेडी!" असा टाहो ऐकू आला. दहा वर्षं बंगळुरात काढून या गृहस्थाला कन्नडमधला 'हात लावू नका' एवढा एकच शब्द येतो आणि तो त्यानं राजांसाठी राखून ठेवलाय.

अक्का चक्रावली. तिचं म्हणणं सरळ होतं : वस्तू काम करते, तिला कुंकू. त्या घरात येणाऱ्याजाणाऱ्या इतक्या माणसांत राजांना नोकरी आहे हे फक्त तिच्या लक्षात आलं होतं. मालकाच्या लक्षात मात्र एवढंच आलं, की वस्तू आता 'मिंट' राहिली नाही. ओला इअरबड, कोरडा इअरबड, खोबरेल, लेन्स पुसायचं पाणी, सगळं झालं. कुंकू दगडी कपाळाच्या खाचेत गेलं ते गेलंच, आणि पुसापुशीनं गुलाबी ओघळ भुवईपर्यंत आला. दोन दिवस घरात सुतक. तिसऱ्या दिवशी त्यानं जड मनानं राजे विकायला काढले, फोटो टाकले आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं : डावीकडच्या कपाळावर लाल डाग, धार्मिक कारण, किंमत कमी केली आहे.

तासाभरात युरोपातल्या कुणाचा तरी निरोप आला. ही भारतीय आवृत्ती त्यानं कधी पाहिली नव्हती. रंग हातानं लावलाय का? एकाच राजाला का? जोडी पूर्ण असेल तर तो तिप्पट द्यायला तयार होता.

काल संध्याकाळी भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. आमचे संग्राहक हातात कुंकवाची डबी घेऊन अक्काच्या मागे मागे फिरत होते. स्वतः लावलं तर फरक कळेल, तोच हात हवा, तेवढंच बोट हवं, हे तो हिंदीत समजावत होता. शंभर देतो, पाचशे देतो. अक्का भांडी घासत होती. नळ बंद करून तिनं एवढंच सांगितलं, "हब्बा मुगीतु सार. मुंदिन वर्ष."

सण संपला, साहेब. पुढच्या वर्षी.