कोकणात घर घेणारे

निवृत्तीला वर्ष-दोन वर्षं उरली की डोंबिवलीतल्या काही गृहस्थांना कौलारू घराची बाधा होते. घर सिंधुदुर्गातच हवं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, ओटीवर झोपाळा, मागे माड. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण कमोड आतच.

पहिले काही महिने अभ्यासाचे. सातबारा, आठ-अ, फेरफार हे शब्द ते नातवंडांच्या नावांसारखे लाडाने घेऊ लागतात. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, हे झोपेतही सांगतील. मग कळतं, 1948च्या कूळकायद्याप्रमाणे शेतजमीन घ्यायची तर आपण शेतकरी असावं लागतं. झालं! ज्या आजोबांचा फोटो माळ्यावर पडून होता, त्यांचं नाव शोधत स्वारी साताऱ्याच्या तलाठ्याकडे.

पाहणी मे महिन्यात. घर पाहायला मे उत्तम, असं मालकही म्हणतात. कौलं गळतात का, हे जूनशिवाय कळत नाही.

मालक कोकम सरबत देतात.

"घर माझा. कलमा मोठ्या काकांची. बाव सगळ्यांची."

"आणि रस्ता?"

"वाट वहिवाटीची. आजपर्यंत कोणी अडवूक नाय."

गृहस्थ सातबारा उलगडतात. नावांची रांग दुसऱ्या पानावर गेलेली. एक पुतण्या बडोद्याला, दोघी आत्या गिरगावात, आणि एक चुलते वारलेले, पण कागदावर ठणठणीत.

"या सगळ्यांच्या सह्या?"

"चतुर्थीक सगळे येतत. तेव्हा इचारूया."

येतात सगळे, खोटं नाही. पण आरती, भजन आणि उसळीच्या पंगतीत सह्यांचा विषय काढणारा त्या घराण्यात अजून जन्मायचाय. गृहस्थांना मात्र हे उत्तर आशादायक वाटतं. ते डायरीत 'चतुर्थी' लिहून खाली दोन रेघा मारतात.

मग मालक खुर्ची पुढे ओढतात.

"तुम्ही डोंबिवलीक रवतास मां? थंय वन बीएचके केवढ्याक पडता? झिलाक मुंबईक नोकरी लागली आसा."

गृहस्थांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच फुलतो. स्टेशनपासून किती मिनिटं चालायचं, पाणी किती वाजता येतं, कुठल्या लोकलला बसायला जागा मिळते, सगळं तोंडपाठ. सरबताचा दुसरा ग्लास येतो. मालक मान डोलावत ऐकतात. निघताना गृहस्थ त्यांना बाजूला घेऊन बजावतात:

"एक लक्षात ठेवा. फ्लॅट असाच बघा, ज्याचा मालक एकटा असेल."