तिकीट निपाणीपर्यंतचं

निपाणीत शिंकेला कुणी नावं ठेवत नाही. तंबाखूच्या वखारीकडून वारा आला की खकाणा नाकात शिरायचाच. आमच्या आजोबांच्या कमरेला तपकिरीची डबी असायची. ते पैसे मोजून शिंकायचे. मी शिंक थांबवायला पैसे मोजतो. घराण्याची प्रगती म्हणतात ती हीच.

परवा बेळगावात सकाळी सकाळी सटासट आठ शिंका आल्या. दुकानातून १० मिलिग्रॅमची सेटिरिझिन घेतली. दुकानदार म्हणाला, “झोप येती बघा वो. रातचं घ्या.” आपल्याला कुठली झोप, म्हणत गोळी गिळली आणि कोल्हापूरच्या गाडीत खिडकी धरली. काकती दिसली. यमकनमर्डी पुसटशी आठवते. संकेश्वर त्या दिवशी रस्त्यात नव्हतंच.

“ओ काका, निपाणीचं तिकीट न्हवं तुमचं? कागल आलं की! ‘इळीरी, इळीरी’ म्हणून तीनदा वरडलो!”

निपाणी महाराष्ट्राला द्या, असं महाजन आयोगानं १९६७ साली लिहून ठेवलं. २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. अख्खी निपाणी राहू दे, तिच्यातला एक माणूस तरी त्या गोळीनं घोरत घोरत पलीकडे नेला.

त्यात गोळीचा तरी काय दोष! नाकात खाज आणि पाणी आणणारं हिस्टामिन मेंदूत राखणदारी करतं, आपल्याला जागं ठेवतं. नाकातल्याला गप्प करायला गेलेली गोळी थोडी वर चढली की राखणदारही पेंगतो. जुन्या गोळ्या, ती सीपीएम वगैरे, तर सरळ वरच जातात. म्हाताऱ्या माणसांची कधी लघवीही अडवतात. सेटिरिझिन त्यामानानं सोज्वळ. चाचण्यांत तिनं १०० तल्या साधारण १४ जणांना पेंग आणली. पण औषध नसलेल्या खोट्या गोळीवरही ६ जण पेंगलेच! त्यांना बहुतेक एसटीत बसवून दिली असावी.

कागलच्या स्टँडवर जीभ टाळूला चिकटलेली. हाही त्या गोळीचाच प्रसाद. दोन चहा लागोपाठ घेतले. परतीच्या गाडीत जागा रिकाम्या होत्या, तरी दांडा धरून उभाच राहिलो. कंडक्टर दोनदा “बसा की” म्हणाला. मी मान हलवली.

निपाणीत उतरलो. वारा नेमका वखारीकडूनच येत होता. शिंक मात्र आली नाही.